फिरंगरोग, उपदंश आणि पोथ्यांचा काळ

वैद्यकाच्या हस्तलिखितांच्या याद्या करतांना एक चूक वारंवार होते. तिजकडे संग्राहकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें. 'उपदंश' हा शब्द दिसला कीं यादीकार त्यापुढें 'गरमी' असें लिहून मोकळा होतो. आम्हींही एक बाड केवळ ह्या एका शब्दावरून पोर्तुगीजांच्या आगमनानंतरचें ठरविलें होतें. तें अनुमान निराधार होतें.

सुश्रुतानें निदानस्थानाच्या १२ व्या अध्यायांत उपदंशाचे पांच प्रकार दिले आहेत. तें जननेंद्रियावरील व्रणांचें सामान्य नांव होय. गरमीचें निःसंशय वर्णन येतें तें सोळाव्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या भावप्रकाशांत, आणि तेथें रोगाचें नांवच 'फिरंग' आहे. १४९५ चे सुमारास नेपल्सच्या वेढ्याच्या वेळीं ही सांथ युरोपांत उसळली व १४९८ त गामा कालिकतास उतरला. म्हणून ज्या ग्रंथांत हा रोग फिरंग ह्या नांवानें येतो, त्याचा तो भाग १४९८ च्या पूर्वींचा असूं शकत नाहीं.

भावमिश्राची दृष्टि किती सूक्ष्म होती पहा. बाह्य फिरंग फोडासारखा, फुटणारा, पण अल्प वेदनेचा व सुखसाध्य. आभ्यंतर सांध्यांत शिरून आमवातासारखी पीडा देणारा व कष्टसाध्य. दोन्हीं लक्षणांचा असाध्य. उपद्रवांत त्यानें नाक बसणें व हाडें वांकणें हीं गणिलीं आहेत. आजचा वैद्यही व्रण दुखतो कीं नाहीं हें प्रथम विचारतो. गरमीचा व्रण संसर्गानंतर सुमारें तीन आठवड्यांनीं उठतो, कठीण असतो व बहुधा दुखत नाहीं. मऊ आणि दुखणारा व्रण निराळ्याच जंतूचा. तो ड्युक्रे ह्यांनीं १८८९ त दाखविला. गरमीचा व्रण आपोआप भरतो व रोगी बरा झालों असें समजतो. पुढें तळहात-तळपायांसुद्धां अंगावर पुरळ येतें, आणि उपचार न झाल्यास कित्येक वर्षांनीं हृदय व मेंदूही बिघडूं शकतात. परमा हा तिसराच रोग. पण जॉन हंटरसारख्या शस्त्रवैद्यानेंही १७८६ च्या ग्रंथांत परमा व गरमी एकच मानल्या. तो घोळ रिकॉर ह्यांनीं १८३८ त निस्तरला. तेव्हां आमच्या यादीकारांस फार दोष देववत नाहीं.

उपचारांतही काळाची खूण सांपडते. भावमिश्र रसकर्पूर गव्हाच्या कणकेंत गुंडाळून, दांतांस न लागतां गिळावयास सांगतो. रसकर्पूर म्हणजे पाऱ्याचा क्षार. तो तोंड आणतो, म्हणूनच ही खबरदारी. दुसरें औषध चोपचिनी, मधाशीं, मीठ वर्ज्य करून. हें मूळ चीनकडील. चरक-सुश्रुतांस तें ठाऊक नाहीं, आणि भावप्रकाशांत त्यास 'द्वीपांतरवचा' म्हटलें आहे. गोव्यांत १५६३ त छापलेल्या गार्सिया द ओर्ता ह्यांच्या ग्रंथांत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

हे योग वाचावे, उतरून घ्यावे, पण कोणीं करून पाहूं नयेत. पारा मूत्रपिंडास घातक आहे. रोगाचा जंतु १९०५ त शौडिन व हॉफमन ह्यांनीं शोधला, आणि १९४३ त महोनी ह्यांनीं पेनिसिलिनचा गुण दाखविला. आज रक्ताच्या दोन प्रकारच्या परीक्षांनीं निदान होतें. पहिल्या वर्षाच्या आंतील रोगास बेंझाथीन पेनिसिलिनची २४ लक्ष युनिटांची एकच मात्रा टोंचतात. त्याहून जुना किंवा अज्ञात काळाचा असल्यास, पण मेंदूंत शिरला नसल्यास, तीच मात्रा आठवड्याच्या अंतरानें तीनदां देतात. जोडीदाराचीही तपासणी करावी लागते.

राहतां राहिला प्रश्न समासांतील लेखनाचा. जुन्या पोथीच्या कोऱ्या जागेंत पुढील पिढीच्या वैद्यानें चोपचिनीचा पाठ घुसडलेला असावयाचा, आणि नकलकारानें तो मूळांतच उतरावयाचा, हें सहज घडतें. यास्तव फिरंगाचें प्रकरण मूळ हातचें आहे कीं निराळ्या शाईचें, हें यादींत स्पष्ट नोंदवावें. शके वा संवत् घातलेलें असें पान कोणाच्या संग्रहीं असल्यास त्याची नक्कल आम्हांकडे पाठवावी, ही विनंती.