लंडनमध्ये बिल्डरने पब पाडला, लोकांनी तो वीट न् वीट परत बांधून घेतला

तारीख 8 एप्रिल 2015. लंडनच्या मेडा व्हेल भागातल्या लोकांनी पाहिलं, तर कोपऱ्यावरच्या ‘कार्लटन टॅव्हर्न’ या पबवर बुलडोझर चालला होता. पबच्या मॅनेजरला दोन दिवसांपूर्वीच, मालाची मोजदाद करायची आहे म्हणून एक दिवस बंद ठेवा, असं सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात 1920 च्या दशकातली, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतूनही वाचलेली इमारत भुईसपाट झाली.

मालक असलेल्या डेव्हलपर कंपनीला तिथे फ्लॅट बांधायचे होते. पालिकेने परवानगी नाकारली होती. इमारतीला वारसा दर्जा मिळण्याची प्रक्रियाही शेवटच्या टप्प्यात होती. पण तो दर्जा मिळायच्या आतच बुलडोझर आला.

आपल्याकडे असं झालं असतं तर चार दिवस बातम्या, मग दंड आणि मग टॉवर. तिथे मात्र उलटं झालं. असं काहीतरी होणार याचा अंदाज आल्याने रहिवाशांनी आधीच वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेचं दार ठोठावलं होतं. त्यामुळे इमारतीची बारकाईने नोंद झालेली होती, टाइल्सचे साचेसुद्धा घेतलेले होते. वेस्टमिन्स्टर पालिकेने आदेश काढला, पब होता तसाच पुन्हा बांधा. कंपनीने अपील केलं. 2016 मध्ये ते फेटाळलं गेलं. आणि एप्रिल 2021 मध्ये कार्लटन टॅव्हर्न पुन्हा उघडला.

आता प्रश्न असा की, एका दारूच्या दुकानासाठी लोक सहा वर्षं का भांडले?

पब म्हणजे नेमकं काय?

पुण्या-मुंबईत पब म्हटलं की डोळ्यासमोर येतो डीजे, कानठळ्या बसवणारं म्युझिक आणि दारावरचा बाउन्सर. परमिट रूम म्हटलं की काळ्या काचा आणि मंद लाइट. ब्रिटनचा जुना पब या दोन्हींत बसत नाही.

पब हा शब्द आला ‘पब्लिक हाउस’वरून. म्हणजे सगळ्यांचं घर. तिथले लोक आपल्या घराजवळच्या पबला नुसतं ‘लोकल’ म्हणतात. त्या लोकलमध्ये शेकोटी असते, झिजलेलं लाकडी काउंटर असतं, कोपऱ्यात डार्ट्सचा बोर्ड असतो आणि कुणाच्या तरी खुर्चीखाली कुत्रा झोपलेला असतो. रविवारी दुपारी कुटुंबच्या कुटुंबं जेवायला येतात. आठवड्यातून एकदा क्विझ असते. एखादा आजोबा एका ग्लासवर दोन तास बसतो आणि त्याला कुणी उठवत नाही.

अलिखित नियम

जुन्या पबमध्ये वेटर टेबलावर येत नाही. तुम्हाला उठून काउंटरवर जावं लागतं, ऑर्डर द्यावी लागते आणि बहुतेक ठिकाणी पैसे तिथल्या तिथे द्यावे लागतात. काउंटरवर रांग दिसत नाही, पण रांग असते. कोण कुणाच्या आधी आलं हे काउंटरमागच्या माणसाच्या लक्षात असतं आणि गिऱ्हाइकांच्याही. मध्ये घुसणाऱ्याला कुणी ओरडत नाही, पण सगळे बघतात.

दुसरा नियम ‘राउंड’चा. चार मित्र बसले की प्रत्येक जण आपापलं बिल देत नाही. एक जण उठतो आणि चौघांसाठी आणतो, पुढच्या वेळी दुसरा. आपल्याकडे टपरीवर ‘आजचा चहा माझा’ म्हणतात, तोच प्रकार. ज्याची पाळी आली की ज्याला फोन येतो, त्याची ख्याती पबभर होते.

तिसरी गोष्ट घंटेची. बंद व्हायची वेळ जवळ आली की मालक घंटा वाजवतो. म्हणजे शेवटची ऑर्डर द्या, मग ग्लास रिकामे करा आणि घरी जा.

खोल्यांचं राजकारण

जुन्या पबमध्ये एकच हॉल नसायचा. ‘पब्लिक बार’मध्ये कामगार, साधी बाकडी, स्वस्त बिअर. ‘सलून बार’मध्ये गालिचा, गादीच्या खुर्च्या आणि त्याच बिअरला थोडे जास्त पैसे. शिवाय ‘स्नग’ नावाची छोटीशी खोली, नक्षीच्या धूसर काचांची. चारचौघांत बसणं प्रशस्त न वाटणाऱ्या बायका किंवा कुणाला दिसू नये असं वाटणारे लोक तिथे बसायचे. म्हणजे ‘सगळ्यांचं घर’ असलं तरी त्यात वर्गांच्या भिंती होत्या. पुढे बहुतेक ठिकाणी त्या पाडल्या गेल्या. काही जुन्या पबमध्ये वेगवेगळी दारं अजून दिसतात.

बिअर कोमट असते का?

ब्रिटिश लोक कोमट बिअर पितात, असा विनोद नेहमी होतो. ते खरं नाही. पारंपरिक ‘कास्क एल’ पिंपातून पबमध्ये येते तेव्हा तिची आंबण्याची क्रिया पूर्ण झालेली नसते, ती पबच्या तळघरात पूर्ण होते. तळघराचं तापमान 11 ते 13 अंश सेल्सिअस ठेवतात. मग हातपंपाने ती वर खेचून 568 मिलिलिटरच्या ग्लासात, म्हणजे एका पाइंटमध्ये, ओततात. एकदा पिंप उघडलं की काही दिवसांत संपवावं लागतं. त्यामुळे चव कंपनीपेक्षा पबच्या मालकाच्या हातात असते. ही बिअर नामशेष होऊ नये म्हणून 1971 मध्ये ‘कॅमरा’ नावाची ग्राहक चळवळ सुरू झाली. ती आजही चालू आहे.

ऑरवेलचा पब

‘1984’ लिहिणाऱ्या जॉर्ज ऑरवेलने फेब्रुवारी 1946 मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या वर्तमानपत्रात आपल्या आवडत्या पबबद्दल लेख लिहिला. नाव ‘द मून अंडर वॉटर’. तिथे बोलता येईल इतकी शांतता आहे, रेडिओ नाही, काउंटरमागच्या बायका गिऱ्हाइकांना ओळखतात, पोस्टाची तिकिटं मिळतात, मागच्या बागेत मुलं खेळतात. आणि शेवटी तो सांगतो की असा पब अस्तित्वातच नाही.

गंमत अशी की, त्याच्या यादीत बिअरला जागा आहे, पण वातावरणाला तिच्याही आधी. पुढे वेदरस्पून या पबच्या मोठ्या साखळीने आपल्या काही पबना हेच नाव दिलं.

मग पब बंद का पडतायत?

2000 च्या सुमारास ब्रिटनमध्ये साधारण 60 हजार पब होते. आता ते 45 हजारांच्या आसपास आहेत. कारणं बरीच आहेत. सुपरमार्केटमध्ये स्वस्त बिअर मिळते. 2007 मध्ये इंग्लंडमध्ये पबच्या आत सिगारेट ओढायला बंदी आली. वीज, भाडं, कर वाढले. बरेच पब मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे असतात आणि चालवणाऱ्याला बिअर त्याच कंपनीकडून, तिच्या दराने घ्यावी लागते. त्यात कोविडने महिनोन्महिने टाळं लावलं. आणि आणखी एक मोठं कारण म्हणजे जागेची किंमत. लंडनमध्ये कोपऱ्यावरच्या पबपेक्षा त्या जागेवरचे फ्लॅट कितीतरी जास्त पैसे देतात.

सहकारी पब

यावर लोकांनी काढलेला मार्ग महाराष्ट्राला ओळखीचा वाटेल. सहकार! कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या खेड्यातला ‘ओल्ड क्राउन’ 2003 मध्ये गावकऱ्यांनी शेअर्स काढून विकत घेतला. 2011 च्या कायद्याने लोकांना आणखी एक हत्यार दिलं. परिसरासाठी मोलाची वास्तू म्हणून पबची नोंद केली, तर तो विकायला निघाल्यावर बोली लावण्याची तयारी करायला लोकांना सहा महिने मिळू शकतात. दक्षिण लंडनमधला ‘आयव्ही हाउस’ रहिवाशांनी असाच वाचवला. 2017 पासून तर इंग्लंडमध्ये नियोजन परवानगीशिवाय पब पाडता येत नाही किंवा त्याचं दुसरं काही करता येत नाही.

थोडक्यात काय, तर बिअर सुपरमार्केटमध्येही मिळते. पण एकट्याने गेलं तरी एकटं वाटणार नाही आणि एका ग्लासवर बराच वेळ बसलं तरी कुणी हटकणार नाही, अशी जागा तिथे मिळत नाही. आपल्याकडे हे काम पार, कट्टा आणि इराणी हॉटेलं करत आली. मेडा व्हेलच्या लोकांना सहा वर्षांनी परत मिळाली ती हीच जागा.