विश्लेषण : दीडशे कोटी टकरींमागे एक ‘हिग्ज’... कणांची ही मोजदाद होते कशी?

अहिल्यानगर जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळत असतो तेव्हा त्याच जिल्ह्यातील पाथर्डी-जामखेड अनेकदा कोरडे असते. दोन्हीकडे अंगणात सारख्याच तोंडाची पातेली ठेवली, तरी त्यांत पडणारे थेंब सारखे नसतील. थेंबांचा हिशेब लावायचा तर पातेल्याचे तोंड केवढे आणि पाऊस किती झाला, हे दोन्ही ठाऊक हवे. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत प्रोटॉनवर प्रोटॉन आदळणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही असाच हिशेब असतो. एखादा कण किती वेळा निर्माण झाला आणि किती वेळा व्हायला हवा होता, या दोन आकड्यांच्या तुलनेतून नव्या शोधाचा निवाडा होतो. या हिशेबात पुणे-मुंबईच्या संशोधकांनीही मोलाची भर घातली आहे.

कण निर्माण होण्याचा दर म्हणजे काय?

सर्नच्या ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’मध्ये म्हणजे एलएचसीमध्ये, २७ किलोमीटर परिघाच्या भुयारी बोगद्यात प्रोटॉनचे झोत समोरासमोर आणले जातात. प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला कमाल चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. प्रत्येक टकरीतून काय बाहेर पडेल हे आधी सांगता येत नाही. सांगता येते ती फक्त शक्यता. ही शक्यता भौतिकशास्त्रज्ञ क्षेत्रफळाच्या भाषेत मांडतात. पातेल्याचे तोंड मोठे तर थेंब जास्त, तसे ‘क्रॉस सेक्शन’ मोठे तर ती घटना वारंवार. हे क्षेत्रफळ म्हणजे कणाचा खरा आकार नव्हे, घटना घडण्याच्या शक्यतेचे ते माप आहे.

या मापाच्या एककाचे नाव गमतीदार आहे. १९४२ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात अणुकेंद्रांवर काम करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांना युरेनियमचे केंद्र ‘कोठाराएवढे’ मोठे लक्ष्य वाटले आणि त्यांनी एककाला ‘बार्न’ म्हणजे धान्याचे कोठार हे नाव दिले. प्रत्यक्षात एका चौरस सेंटिमीटरचे एकावर २४ शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक बार्न. त्याचा लाख कोटीवा भाग म्हणजे पिकोबार्न आणि पिकोबार्नचा हजारावा भाग म्हणजे फेम्टोबार्न.

मग ‘पाऊस’ कसा मोजतात?

पावसाच्या जागी येथे ‘ल्युमिनॉसिटी’ असते. झोतांत प्रोटॉन किती आहेत आणि ते किती दाटीने एकमेकांतून जातात, यावर ती ठरते. झोतातील प्रोटॉनची संख्या विद्युतप्रवाहावरून कळते. दाटी मोजण्यासाठी एक झोत दुसऱ्यावरून अगदी थोडा थोडा सरकवला जातो आणि टकरी कशा घटत जातात याची नोंद घेतली जाते. त्यावरून झोतांची रुंदी काढता येते. ही युक्ती सायमन व्हॅन डर मीर यांनी १९६८ मध्ये सुचवली. पुढे वेगळ्या कामगिरीसाठी त्यांना १९८४ चे नोबेलही मिळाले. ल्युमिनॉसिटी आज एक-दोन टक्क्यांच्या अचूकतेने मोजता येते.

पावसाळ्याअखेरीस एकूण पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात, तशी येथे एकूण ल्युमिनॉसिटी ‘इन्व्हर्स फेम्टोबार्न’मध्ये सांगतात. ती १३८ असेल, तर एक फेम्टोबार्न क्रॉस सेक्शन असलेली घटना त्या काळात सुमारे १३८ वेळा घडली, असा त्याचा सरळ अर्थ.

‘हिग्ज’चे गणित काय सांगते?

२०१६ ते २०१८ या काळात एलएचसीच्या ‘सीएमएस’ या प्रयोगाने अभ्यासासाठी योग्य अशी सुमारे १३८ इन्व्हर्स फेम्टोबार्न इतकी माहिती गोळा केली. त्या ऊर्जेला हिग्ज बोसॉन निर्माण होण्याचे क्रॉस सेक्शन सुमारे ५५ पिकोबार्न, म्हणजे ५५ हजार फेम्टोबार्न आहे. दोहोंचा गुणाकार केला की उत्तर येते सुमारे ७६ लाख हिग्ज. आकडा मोठा वाटतो, पण प्रोटॉन फुटण्याच्या सर्व टकरींशी तुलना केली तर साधारण १४५ कोटी टकरींमागे एक हिग्ज असे प्रमाण पडते.

त्यातही हिग्ज क्षणार्धात विघटित होतो. दोन प्रकाशकणांत, म्हणजे फोटॉनमध्ये होणारे विघटन ओळखायला सोपे. पण तसे हजारांत दोन-तीनच वेळा घडते. म्हणजे ७६ लाखांतून उरतात १७ हजारांच्या आसपास, आणि त्यांतलेही सगळे यंत्राला टिपता येत नाहीत. शिवाय हिग्जशी संबंध नसलेल्या टकरींतूनही फोटॉनच्या जोड्या निघतात, त्याही फार मोठ्या संख्येने. म्हणून मोजलेल्या घटनांतून आधी ही भेसळ वजा करायची आणि उरलेल्या संख्येला यंत्राची टिपण्याची क्षमता व ल्युमिनॉसिटी यांनी भागायचे. जे येते ते प्रयोगाने मोजलेले क्रॉस सेक्शन.

गणिताने तो आकडा कसा काढतात?

प्रोटॉन हा एकसंध गोळा नाही. त्यात क्वार्क आणि ग्लुऑन असतात आणि खरी टक्कर त्यांच्यात होते. कोणाकडे प्रोटॉनच्या संवेगाचा किती वाटा असतो, याचे तक्ते आधीच्या प्रयोगांवरून तयार केलेले आहेत. त्यानंतर दोन ग्लुऑन आदळून हिग्ज होण्याचे गणित पायरीपायरीने मांडले जाते. हिग्जच्या बाबतीत पहिल्या पायरीचे उत्तर अंतिम उत्तराच्या निम्म्याहूनही कमी येते. त्यामुळे पुढच्या पायऱ्या टाळता येत नाहीत. २००२-०३ मध्ये तिसरी पायरी तीन गटांनी स्वतंत्रपणे पूर्ण केली. त्यांतील एका गटात व्ही. रवींद्रन हे भारतीय शास्त्रज्ञ होते. चौथी पायरी २०१५ मध्ये गाठली गेली.

२०२२ मध्ये, हिग्जच्या शोधाला दहा वर्षे झाली तेव्हा, सीएमएसने मोजलेल्या आणि गणिताने काढलेल्या दराचे गुणोत्तर जाहीर केले : १.००२, अनिश्चितता ०.०५७. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे जुळले.

रोहिणी गोडबोले यांच्या गणिताने काय बदलले?

पुण्यात जन्मलेल्या, सर परशुरामभाऊ महाविद्यालय आणि आयआयटी मुंबईत शिकलेल्या प्रा. रोहिणी गोडबोले १९८२ ते १९९५ या काळात मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या. त्या वेळी जगभरात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणाऱ्या नव्या यंत्रांचे आराखडे तयार होत होते. इलेक्ट्रॉनला अंतर्गत रचना नाही, म्हणून या टकरी ‘स्वच्छ’ असतील, असे मानले जात होते.

१९९१ मध्ये गोडबोले आणि जर्मन शास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये वेगळाच हिशेब मांडला. टकरी वाढवण्यासाठी झोत फार बारीक केले की समोरच्या झोताच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन वळतात आणि फोटॉन बाहेर टाकतात. फोटॉन क्षणभर क्वार्कच्या जोडीत बदलू शकतो. असे फोटॉन एकमेकांवर आदळले तर प्रोटॉनच्या टकरीसारखाच कचरा तयार होतो. काही आराखड्यांत हा कचरा इतका होता, की हवी ती घटना त्यात हरवण्याची भीती होती. म्हणजे यंत्र उभे राहण्याआधीच, केवळ निर्मितीदराच्या गणितातून त्यातला धोका दिसला. त्यानंतर अशा यंत्रांची रचना करताना या उपद्रवाचा विचार अपरिहार्य झाला. २०१९ मध्ये ‘पद्मश्री’ने सन्मानित झालेल्या गोडबोले यांचे २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात निधन झाले.

मोजण्याच्या बाजूलाही महाराष्ट्र आहे. सीएमएसमध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची ‘आयसर’, तर ‘ॲलिस’ प्रयोगात आयआयटी मुंबई सहभागी आहे. सीएमएसचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर उभारण्यात टाटा संस्थेचा पुढाकार होता. आतल्या थरांतून निसटलेली ऊर्जा तो पकडतो. ती नोंदलीच गेली नाही तर अदृश्य कणाने ऊर्जा नेली, असा चुकीचा अर्थ निघू शकतो.

हिशेब चुकला तर?

डिसेंबर २०१५ मध्ये सीएमएस आणि ‘ॲटलास’ या दोन्ही प्रयोगांत ७५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास फोटॉनच्या जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्या. नवा कण सापडला की काय, या आशेने सिद्धांतकारांनी शेकडो शोधनिबंध लिहिले. प्रयोगकर्त्यांनी मात्र शोधाचा दावा केला नाही. आणखी माहिती येईपर्यंत ते थांबले. ऑगस्ट २०१६ मध्ये नवे आकडे आले आणि तो उंचवटा नाहीसा झाला. चार जास्तीचे थेंब म्हणजे पावसाळा नव्हे, हे पुन्हा सिद्ध झाले.

पुढे काय?

एलएचसीची क्षमता वाढवण्याची योजना आहे. सुधारित यंत्रातून एकूण ३,००० इन्व्हर्स फेम्टोबार्न माहिती मिळवण्याचे उद्दिष्ट आहे, म्हणजे वरच्या १३८ च्या वीसपटीहून अधिक. त्यातून एकाच टकरीत दोन हिग्ज निर्माण होण्याचा दर मोजायचा आहे. ही घटना एकट्या हिग्जपेक्षा हजारपटीहून दुर्मीळ आहे. हिग्ज स्वतःशीच कसा वागतो, हे त्यावरून कळेल. तो मोजलेला दर गणिताशी जुळला तर आजचा सिद्धांत आणखी एका परीक्षेत उतरेल. जुळला नाही, तर आधी पातेले आणि पर्जन्यमापक पुन्हा तपासले जातील, आणि त्यानंतरच नव्या भौतिकशास्त्राची चर्चा सुरू होईल.