चौदा गावचं पाणी प्यायलेला पिचर

सरकारी नोकरीत, बँकेत किंवा पोलीस खात्यात ज्यांच्या घरातल्यांची हयात गेली, त्यांना बदली म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ऑर्डर येते, मुलांच्या शाळेचे दाखले निघतात, शेजारीपाजारी निरोप द्यायला येतात आणि बिऱ्हाड ट्रकमध्ये चढतं. पण सकाळी एका गावची ऑर्डर आणि दुपारी दुसऱ्या गावची, असं आपल्याकडे सहसा होत नाही. एडविन जॅक्सन या अमेरिकन बेसबॉलपटूच्या बाबतीत ते झालं. २७ जुलै २०११ रोजी शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघानं त्याला टोरोंटोच्या ब्लू जेज संघाला देऊन टाकलं, आणि टोरोंटोनं त्याच दिवशी त्याला सेंट लुइसच्या कार्डिनल्स संघाकडे रवाना केलं. टोरोंटोचा सदरा काही त्याच्या अंगावर चढला नाही.

हा जॅक्सन २००३ ते २०१९ असे सतरा हंगाम मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत खेळला. या लीगमध्ये संघ एकंदर तीस. त्यांपैकी चौदा संघांकडून तो खेळला. तोवर इतके संघ कोणीच पाहिले नव्हते. अशा खेळाडूला इंग्रजीत जर्नीमन म्हणतात. शब्द ऐकून आपल्याला प्रवास आठवतो, पण त्याचं मूळ ‘दिवस’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. जुन्या काळी युरोपात उमेदवारी पूर्ण केलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, रोजावर काम करणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. काम त्याला येत असे, हात तयार असे, फक्त दुकान दुसऱ्याचं. जॅक्सनला हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पिचर म्हणजे आपला गोलंदाज, असं म्हणून पुढे जाता येईल. पण आपला गोलंदाज सहा चेंडू टाकून सीमारेषेकडे जातो, तिथे रुमालानं घाम पुसतो, एखाद्या प्रेक्षकाला सही देतो. बेसबॉलच्या पिचरला ही सवलत नाही. समोरच्या संघाची फलंदाजी असेपर्यंत तोच फेकत राहतो. धावत येणंही नाही. मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभं राहून साठ फूट सहा इंचांवर टप्पा न पाडता चेंडू पोहोचवायचा. ठरलेल्या चौकटीबाहेरचे चार चेंडू फलंदाजानं सोडून दिले, की त्याला पहिला तळ फुकट मिळतो. याला वॉक म्हणतात. शंभरेक चेंडू झाले की व्यवस्थापक चुळबुळ करू लागतो, कारण खांदा आणि कोपर यांना यापुढे धोका असतो. मग त्या पिचरला चार-पाच दिवस विश्रांती.

हंगाम सहा महिन्यांचा आणि सामने प्रत्येक संघाचे १६२. साहजिकच सुरुवातीचे पिचर पाच तरी लागतात. त्यातले एक-दोन थोर असतात, तिसरा बरा. चौथ्या-पाचव्या जागेची मात्र सगळ्यांनाच चिंता. शिवाय कुणाचं ना कुणाचं कोपर जूनपर्यंत दुखायला लागतंच. जर्नीमन पिचरचं पोट या रिकाम्या जागांवर चालतं.

जॅक्सनचा जन्म १९८३ सालचा, जर्मनीतल्या नॉय-उल्म गावचा. वडील अमेरिकेच्या लष्करात. म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊनच तो जन्मला म्हणायचं. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघानं त्याला २००१ मध्ये निवडलं आणि ९ सप्टेंबर २००३ रोजी, त्याच्या विसाव्या वाढदिवशी, मैदानात उतरवलं. समोर होता रँडी जॉन्सन, त्या पिढीतला सर्वांत धडकी भरवणारा पिचर. जॅक्सन जिंकला. असं पदार्पण झालं की माणसाच्या कपाळावर ‘होतकरू’ असा शिक्का बसतो आणि तो लवकर पुसला जात नाही.

त्याच्या हातात ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचा वेग होता. दिशा मात्र रोज असेच असं नाही. मला वाटतं, त्याच्या भटकंतीचं अर्धं कारण यातच आहे. वेग शिकवता येत नाही, दिशा शिकवता येते, असं प्रशिक्षकांना वाटत असतं. त्यामुळे एका संघानं हात टेकले की दुसरा संघ म्हणे, आणा इकडे, आम्ही सरळ करतो. टँपा बे संघाकडून २००७ मध्ये तो पाच सामने जिंकला आणि पंधरा हरला. पुढच्याच वर्षी चौदा जिंकला आणि तो संघ प्रथमच वर्ल्ड सिरीजच्या अंतिम झुंजीपर्यंत पोहोचला. लगेच त्याला डेट्रॉइटला पाठवलं. तिथे २००९ मध्ये त्याची ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली. लगेच ॲरिझोनाला.

ॲरिझोनाकडून खेळलेल्या एका सामन्याबद्दल थांबून सांगावंसं वाटतं. २५ जून २०१०, प्रतिस्पर्धी त्याचा जुना संघ टँपा बे. त्या दिवशी जॅक्सननं नो-हिटर टाकला, म्हणजे नऊच्या नऊ डावांत समोरच्या एकाही फलंदाजाला फटका मारून तळ गाठू दिला नाही. कित्येक थोर पिचरना जन्मात हे जमलेलं नाही. पण नो-हिटर म्हटल्यावर जे निर्दोष चित्र डोळ्यांसमोर येतं, तसं इथे काहीच नव्हतं. पहिल्या तीन डावांतच त्यानं सात फलंदाजांना वॉक देऊन फुकट तळावर पाठवलं. तिसऱ्या डावात तिन्ही तळ भरले होते आणि बाद एकही नव्हता. तिथून तो धाव न देता सुटला. मग एकेक डाव निघत गेला. शंभर चेंडू झाले, सव्वाशे झाले. व्यवस्थापकापुढे पेच होता: हात वाचवायचा की पराक्रम पुरा होऊ द्यायचा? जॅक्सन थांबायला तयार नव्हता. सामना १-० असा जिंकून तो मैदानाबाहेर आला तेव्हा त्याचे १४९ चेंडू झाले होते. इतकी मेहनत त्या हाताकडून करून घेणं शहाणपणाचं होतं का, यावर तिथे बराच वाद झाला. मला तो निर्णय आजही पटत नाही, पण त्या जागी मी असतो तर मीही त्याला थांबवू शकलो नसतो.

पाच आठवड्यांनी ॲरिझोनानं त्याला शिकागोला देऊन टाकलं.

एवढ्या मोठ्या खेळाडूला कोणी विचारत कसं नाही, असं तुम्ही म्हणाल. तिथली रीतच तशी आहे. खेळाडूचा करार संघाच्या मालकीचा असतो आणि संघ तो करार दुसऱ्या संघाच्या हवाली करू शकतो. १९६९ मध्ये सेंट लुइसच्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूनं फिलाडेल्फियाला जायला नकार दिला. आपण काही विकण्याची वस्तू नाही, असं म्हणत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये हरला. त्याच्या लढ्यानंतर एक नियम मात्र आला: ज्यानं मेजर लीगमध्ये दहा वर्षं काढली आहेत आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, त्याला बदली नाकारता येते.

हा नियम जरा नीट पाहा. जो एका जागी टिकला त्याला नकाराचा हक्क. ज्याला दर वर्षा-दोन वर्षांनी उचलून दुसरीकडे ठेवलं, त्याची पाच वर्षं कुठे भरणार? जॅक्सनची दहा वर्षं भरली, पण एका संघात सलग पाच कधीच भरली नाहीत. ज्याला या हक्काची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच हाती तो लागत नाही.

दुसरा हक्क मात्र त्याला मिळाला. सहा वर्षांच्या सेवेनंतर करार संपला की खेळाडू मोकळा होतो आणि स्वतःचा भाव स्वतः ठरवू शकतो. २०११ मध्ये सेंट लुइसबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकून तो मोकळा झाला. (त्या मालिकेतला त्याचा स्वतःचा सामना तो हरला होता, सात वॉक दिले होते.) एक वर्ष वॉशिंग्टनला काढून त्यानं शिकागोच्या कब्ज संघाशी चार वर्षांचा, ५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. आता तरी बस्तान बसेल असं वाटलं असणार. पहिल्या वर्षी अठरा पराभव, दुसऱ्या वर्षी पंधरा. जुलै २०१५ मध्ये कब्जनी त्याला मोकळं केलं.

इथे एक व्यावहारिक गंमत आहे. बेसबॉलमध्ये करारातली रक्कम बुडत नाही. खेळाडूला काढलं तरी जुन्या संघाला ठरलेले पैसे मोजावेच लागतात, आणि त्याला घेणाऱ्या नव्या संघाला फक्त किमान वेतन द्यावं लागतं. ते तेव्हा पाच लाख डॉलरच्या थोडं वर होतं. असा अनुभवी पिचर जवळजवळ फुकटच. अटलांटा, मायामी, सॅन डिएगो ही गावं त्याला या हिशेबानं दिसली. पुढे तर तो कनिष्ठ लीगच्या करारावर जाऊ लागला, म्हणजे खालच्या संघात खेळत राहायचं आणि वरून बोलावणं येण्याची वाट पाहायची. ही वाट किती अरुंद असते, हे आपल्या उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघांनी अनुभवलं आहे. २००८ मध्ये पिट्सबर्गच्या संघानं त्यांना करारबद्ध केलं, पण दोघांपैकी कोणालाही मेजर लीगचा एकही सामना मिळाला नाही. जॅक्सनला पस्तिशीतही वरून बोलावणी येत होती. २०१८ मध्ये ओकलंडचे पिचर एकामागून एक दुखापतींनी आडवे झाले, तेव्हा तो आला, सतरा सामन्यांची सुरुवात केली, सहा जिंकला, तीन हरला. तो संघ त्या वर्षी बाद फेरीत पोहोचला.

मे २०१९ मध्ये टोरोंटोला पिचर कमी पडले. १५ मे रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, आठ वर्षांपूर्वी अंगाला न लागलेला तो निळा सदरा जॅक्सननं शेवटी घातला. हा त्याचा चौदावा संघ. तेरा संघांचा आधीचा विक्रम होता ऑक्टाव्हियो डोटेल या पिचरचा. आणि योगायोग असा, की २०११ च्या जुलैमध्ये टोरोंटोनं जॅक्सनला ज्या व्यवहारात सेंट लुइसला पाठवलं, त्याच व्यवहारात डोटेलही होता.

त्या हंगामात जॅक्सन तीन सामने जिंकला, दहा हरला आणि मेजर लीगमधली त्याची कारकीर्द तिथेच संपली. एकंदर १०७ विजय, १३३ पराभव. त्यानंतर, २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेनं त्याला बोलावलं. मेजर लीगनं आपले चालू खेळाडू त्या ऑलिम्पिकला सोडले नव्हते, म्हणून तो संघ होतकरू पोरं आणि घरी बसलेले जुने कारागीर यांचा बनला होता. अंतिम सामना जपाननं २-० असा जिंकला आणि जॅक्सन रौप्यपदक घेऊन परतला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली.

चौदा संघांचा विक्रम आता त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये पंचेचाळीस वर्षांचा रिच हिल कॅन्सस सिटीकडून, आपल्या चौदाव्या संघाकडून, शिकागोत कब्जविरुद्ध पिचिंगला उभा राहिला. वीस वर्षांपूर्वी त्यानं सुरुवात केली होती ती याच कब्जकडून. त्या दिवशी त्यानं पाच डाव टाकले. दोन सामन्यांनंतर कॅन्सस सिटीनं त्याला संघातून वगळलं.