उल्केच्या मागावरून रेडिओ-संपर्क
उल्का जळताना सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर आयनीभूत वायूचा माग उरतो. त्यावरून परावर्तित झालेल्या रेडिओलहरी क्षितिजापलीकडे, जवळपास २,००० किलोमीटरपर्यंत पोहोचतात. १९५४ मध्ये अमेरिकेतील टेनेसी व न्यू जर्सी येथील हौशी केंद्रांनी १४४ मेगाहर्ट्झवर असा संपर्क साधला होता.

अडचण वेळेची. माग बहुधा सेकंदभरही टिकत नाही. म्हणून नोबेल मानकरी जोसेफ टेलर यांनी २००१ मध्ये यासाठी संगणकप्रणाली आणली. तिच्या पुढील आवृत्तीतील एका पद्धतीत संपूर्ण संदेश ७२ मिलिसेकंदांत मावतो. दोन्ही केंद्रे आळीपाळीने, बहुधा पंधरा-पंधरा सेकंद, तोच संदेश पुन्हापुन्हा पाठवतात आणि उल्केची वाट पाहतात.

संकेतनावे, अहवाल आणि पोच दोन्हीकडे मिळाली तरच संपर्क पूर्ण. राहिलेला तुकडा दूरध्वनीवर विचारून भरता येत नाही. मग तासाभराची बैठक फुकट गेली तरी चालेल!