रग्बी मंडळे आणि स्वयंसेवकांची उणीव

ब्रिटनमधील वेल्स प्रदेशाच्या दक्षिण भागात रग्बीचा खेळ कोळशाच्या खाणींबरोबर वाढला. वेल्श रग्बी संघटना १८८१ मध्ये स्थापन झाली. आठवडाभर खाणीत एकत्र राबणारे कामगार शनिवारी एका संघातून खेळत. खेळाचे मंडळ हे गावाच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र होते.

१९८४-८५ च्या संपानंतर एकामागून एक खाणी बंद पडल्या. अनेक तरुण रोजगारासाठी बाहेर गेले. राहिलेल्यांपैकी कित्येकांना शनिवारीही कामावर जावे लागते. रग्बीच्या संघास १५ खेळाडू लागतात. पुरेसे जमले नाहीत तर सामना रद्द होऊ शकतो आणि सामने रद्द होऊ लागले की उरलेलेही दुरावतात.

१९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाली. तथापि गावच्या मंडळांचा भार स्वयंसेवकांवरच राहिला. मैदान आखणे, मुलांना शिकविणे व हिशेब ठेवणे या कामांत आता प्रशिक्षकांची चारित्र्य पडताळणी आणि डोक्याच्या दुखापतीविषयीचे नियम यांची भर पडली आहे. हे नियम आवश्यकच आहेत. परंतु सारे काम त्याच चार-पाच जणांवर पडते. ते थकून बाजूला झाले की मंडळ चालविण्यास कोणी उरत नाही.

यावर उपाय म्हणजे कामाची विभागणी. प्रत्येक पालकाकडे एकच काम ठराविक मुदतीसाठी सोपवावे, कामाची पद्धत लिहून ठेवावी आणि जुना कार्यकर्ता निवृत्त होण्यापूर्वीच नवा तयार करावा.

महाराष्ट्रातील तालमी व क्रीडा मंडळेही बव्हंशी अशाच विनावेतन सेवेवर चालतात. मैदानासाठी निधी मंजूर करताना ते सांभाळणार कोण, याचाही विचार ग्रामपंचायतींनी करणे अगत्याचे आहे.