वीस हजार गेम नेमके असतात कुठे?

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार नाही तर नाटक, दिवसा दुकाने. खेळण्यांच्या दुकानात प्लास्टिकच्या बंदुकांशेजारी तळहाताएवढा व्हिडिओ गेम टांगलेला असतो आणि खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘४०० इन १’. लहान पोराला तो पुरतो. पण नव्वदच्या दशकात टीव्हीसमोर बसून ‘काँट्रा’ खेळलेला, आता पगार मिळवणारा माणूस त्याहून वरचे काही शोधू लागतो. तेव्हा त्याच्यासमोर बहुतेक दोन नावे येतात. एक स्वस्तातले ‘आर३६एस’ आणि दुसरे त्याहून महाग, अँबर्निक कंपनीचे ‘आरजी३५एक्सएक्स एच’. दोन्ही हातात धरून खेळायची यंत्रे, दोन्ही जुने गेम चालवणारी. मग तुमसर असो की पवनी, पहिला प्रश्न ठरलेला, “किती गेम हायेत याच्यात?” उत्तर येते, “वीस हजार.” दुसऱ्या यंत्रात पाचच हजार असतील तर निकाल तिथेच लागतो.

हा निकाल चुकीचा असतो. राईस मिलच्या अंगणात धानाची पोती किती रचली आहेत हे मोजून मिलची भरडाई कशी आहे ते ठरवण्यातला हा प्रकार आहे.

आधी साधा हिशेब. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. व्हॉट्सॲपवर येणारा सकाळचा फुलांचा फोटोसुद्धा बहुधा त्याहून मोठा असतो. अशा दहा हजार गेमना जागा लागेल सुमारे ४०० मेगाबाइट, म्हणजे एक सीडीसुद्धा भरणार नाही. उलट प्लेस्टेशनचे गेम सीडीवर यायचे आणि ‘फायनल फँटसी ७’सारखा गेम तर तीन सीडींचा होता. एका गेमला सरासरी ५०० मेगाबाइट धरले, तर ६४ जीबीच्या कार्डावर ते सव्वाशेच मावतील. म्हणजे खोक्यावरचा आकडा जितका फुगलेला, तितके आत बारके गेम जास्त. विक्रेत्याला आकडा वाढवायचा असेल तर त्याला एक पैसाही खर्च करावा लागत नाही.

पण बारके गेम तरी इतके आहेत का? निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर, म्हणजे ज्याच्या नकला आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या गेल्या त्या यंत्रावर, अधिकृतपणे आलेले गेम हजाराच्या थोडे पुढे जातात. बाकीची भरती कशी होते हे यादी उघडून पाहिले की कळते. एकच गेम जपानी, अमेरिकन आणि युरोपीय अशा तीन आवृत्त्यांत तीनदा मोजलेला असतो. रंग बदललेल्या, पात्र बदललेल्या हौशी आवृत्त्या वेगळ्या मोजलेल्या असतात. गेम पार्लरमध्ये नाणे टाकून खेळलेला ‘मुस्तफा’ घ्या. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉमचा हा १९९३ सालचा गेम जगभराची आवृत्ती, अमेरिकन आवृत्ती, जपानी आवृत्ती आणि बेकायदा बोर्डांवरच्या नकला अशा रूपांत यादीत चार-पाचदा येऊन बसतो. मुस्तफा एकच, मोजदाद पाच.

ही हातचलाखी नवी नाही. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेट ज्यांनी वापरल्या, त्यांना आठवत असेल: मोजके गेम आणि पुढे तेच गेम वेगळ्या पातळीपासून सुरू होणारे. त्या वेळी पोरे फसली, ते समजण्यासारखे होते. तीच पोरे चाळिशीत येऊन पुन्हा त्याच आकड्याला भुलतात, हे मात्र अजब आहे.

मूळ मुद्दा याहूनही सोपा आहे. आर३६एस असो वा आरजी३५एक्सएक्स एच, गेम यंत्रात नसतातच. ते मायक्रोएसडी कार्डावर असतात, आणि मोबाइलमध्ये बसते तसे ते कार्ड काढता-घालता येते. एका यंत्रातले कार्ड काढून रिकामे कार्ड घातले की ‘वीस हजारवाले’ यंत्र क्षणात ‘शून्यवाले’ होते. त्यामुळे गेमच्या संख्येवरून या दोन यंत्रांत निवड करताच येत नाही. मंडईतला ‘४०० इन १’ हा मात्र अपवाद. तिथे गेम खरोखर आतल्या चिपमध्ये कोरलेले असतात, कार्डाची खाच नसते आणि चारशेचे चारशे एक कधीच होत नाहीत. त्याची एकच गोष्ट मोलाची आहे. त्यात बहुधा जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी बसते, आणि ती लाखांदूरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेही मिळू शकते.

मग यंत्राने काय ठरते? गेम चालतो की अडखळतो, हे ठरते. ही यंत्रे जुने गेम ‘एम्युलेटर’ नावाच्या प्रोग्रामने चालवतात. एम्युलेटर जुन्या यंत्राच्या प्रोसेसरच्या आज्ञा एकेक करून नव्या प्रोसेसरला समजतील अशा करतो. शिवाय जुन्या यंत्रातल्या चित्राच्या, आवाजाच्या वेगळ्या चिपांचे कामही त्यालाच, तेही अचूक वेळ साधून, करावे लागते. म्हणून मूळ यंत्राच्या कितीतरी पट वेग लागतो. किती पट? ‘आर्स टेक्निका’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळावर २०११ साली ‘बीएसएनईएस’ या एम्युलेटरच्या कर्त्याने लेख लिहिला होता. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा, पण त्याची तंतोतंत नक्कल करायला त्याला ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागत होता. खिशातली यंत्रे इतकी तंतोतंत नक्कल करत नाहीत. ती सोयीच्या आडवाटा घेतात आणि बहुतेक गेमना त्या चालूनही जातात.

आता शिडी पाहू. फॅमिकॉम १.७९ मेगाहर्ट्झ, गेमबॉय ॲडव्हान्स १६.७८, पहिले प्लेस्टेशन सुमारे ३४, निन्टेन्डो ६४ सुमारे ९४, ड्रीमकास्ट २००, पीएसपी ३३३. पायरी जसजशी वर जाते, तसे खिशातल्या यंत्राचे श्वास वाढत जातात.

आर३६एसमध्ये रॉकचिपची आरके३३२६ चिप आहे, तिच्यात कॉर्टेक्स-ए३५ जातीचे चार कोअर. आरजी३५एक्सएक्स एचमध्ये ऑलविनरची एच७०० चिप, तिच्यात कॉर्टेक्स-ए५३ जातीचे चार कोअर. वेग दोन्हीकडे दीड गिगाहर्ट्झच्या घरात. रॅम दोन्हीकडे १ जीबी. चित्राचे काम करणारा भागही एकाच घराण्यातला, माली-जी३१. पडदा दोन्हीचा साडेतीन इंची, ६४० बाय ४८०. कार्डाच्या खाचाही दोन-दोन. इतकी सारखी कुंडली असल्यावर फॅमिकॉम, सेगा, गेमबॉय, सुपर निन्टेन्डो आणि पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत दोघांत फरक जाणवत नाही. ‘टेकन ३’ दोन्हींवर मजेत खेळता येतो.

फरक पडतो तो त्याच्या वर. ए३५ ही वीज वाचवण्यासाठी आखलेली धाकटी जात आहे. तेवढ्याच वेगात ए५३ जास्त काम उपसते. म्हणून निन्टेन्डो ६४, ड्रीमकास्ट आणि पीएसपी यांच्या हलक्या गेममध्ये आरजी३५एक्सएक्स एच, म्हणजे थोडक्यात ‘एच’, पुढे राहते. जड गेममध्ये दोघेही हात टेकतात. पीएसपीवरचा ‘गॉड ऑफ वॉर’ पूर्ण वेगात यांपैकी एकावरही चालत नाही. प्लेस्टेशन २ चे नाव तर काढूच नये. ते हवे असेल तर या किमतीची यंत्रे पाहण्यात वेळ दवडू नये.

ताकदीपेक्षा मोठे फरक वेगळेच आहेत आणि खोक्यावर ते बारीक अक्षरांत असतात. आर३६एस उभे आहे, गेमबॉयच्या घडणीचे. खिशात नीट बसते, पण मोठ्या पंजाच्या माणसाला खाली असलेल्या जॉयस्टिकच्या काड्या वापरताना अंगठा दुमडावा लागतो. एच आडवे आहे आणि लढाईच्या गेमना सोयीचे पडते. एचमध्ये वाय-फाय, ब्लूटूथ आणि टीव्हीला जोडायला मिनी एचडीएमआय आहे. आर३६एसमध्ये यातले काही नाही. वाय-फाय हवेच असेल तर बाहेरून यूएसबी डोंगल लावावे लागते. ज्याला टीव्हीवर दोघांनी मिळून खेळायचे आहे, त्याचा निर्णय इथेच झाला.

दुसरा फरक खरेदीनंतर कळतो. आर३६एस हे एका कंपनीचे उत्पादन राहिलेले नाही. त्याच कवचात वेगवेगळ्या कारखान्यांचे बोर्ड येतात आणि अस्सल बोर्डांतही पडद्याचे प्रकार अनेक आहेत. त्यावर चालणारी ‘आर्कओएस’ ही हौशी जाणकारांनी घडवलेली प्रणाली नव्या कार्डावर टाकली आणि पडद्याची फाइल जुळली नाही, तर पडदा काळाच राहतो. नकली बोर्डावर तर ती सुरूच होत नाही. म्हणून यंत्र हातात आल्याबरोबर मूळ कार्डाची संगणकावर पूर्ण प्रत काढून ठेवावी. एचच्या बाबतीत कंपनी एक आणि बोर्ड ओळखीचा असल्याने ‘म्यूओएस’, ‘नुल्ली’ अशा पर्यायी प्रणाली टाकणे सोपे जाते. थोडक्यात, ज्याला प्लेस्टेशनपर्यंतचेच गेम हवेत, खर्च कमी ठेवायचा आहे आणि फाइलींशी झटापट करायला हरकत नाही, त्याने आर३६एस घ्यावे. बाकीच्यांनी एच.

आता किरकोळ गैरसमज.

‘मोबाइलचा पडदा फुल एचडी आणि याचा जेमतेम ४८०, म्हणजे हा जुनाट.’ प्लेस्टेशनचे बरेच गेम ३२० बाय २४० मध्ये चित्र काढायचे. ६४० बाय ४८० म्हणजे त्याची बरोबर दुप्पट, त्यामुळे चित्र रेखीव येते.

‘सोबत आलेले कार्ड चांगले असते.’ बहुधा नसते. बिननावाची कार्डे लवकर मरतात, आणि जपून ठेवलेली प्रगतीही त्यांच्यासोबत जाते.

‘टाइप-सी आहे, म्हणजे कोणताही चार्जर चालतो.’ अनेक स्वस्त यंत्रे दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. साध्या यूएसबीची केबल आणि ५ व्होल्टचा चार्जर वापरावा.

‘मोबाइलवर हे सगळे होतेच की.’ होते, आणि मध्यम किमतीचा मोबाइल या दोन्ही यंत्रांपेक्षा ताकदवान असतो. काचेवर अंगठे घासून ‘काँट्रा’ची पहिली पातळी पार करून पाहावी, मग बटणांची किंमत कळते.

‘बाहेरचे लोक म्हणतात तसे अलीएक्सप्रेसवरून मागवावे.’ भारतात त्या ॲपवर २४ नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे.

कायद्याबाबतचे गैरसमज मात्र एका ओळीत आटोपत नाहीत, कारण ते दोन्ही टोकांचे आहेत. एक टोक म्हणते, एम्युलेटर म्हणजेच चोरी. तसे नाही. सोनीने ‘कनेक्टिक्स’ कंपनीच्या प्लेस्टेशन एम्युलेटरवर खटला भरला होता, त्यात २००० साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. ॲपलनेही एप्रिल २०२४ मध्ये आपल्या ॲप स्टोअरचे दार एम्युलेटरना उघडले. दुसरे टोक म्हणते, गेम जुने झाले, आता ते सगळ्यांचे. हेही तसे नाही. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो आणि त्याचे संरक्षण दशकानुदशके, किमान ६० वर्षे टिकते. १९८५ चा मारिओ २०४५ च्या आधी मोकळा होत नाही. ‘मुस्तफा’ची अडचण आणखी विचित्र. तो एका अमेरिकन चित्रकथेवर बेतलेला, त्यामुळे हक्क दोन ठिकाणी अडकलेले आणि घरगुती यंत्रांसाठी तो कधी आलाच नाही. विकत मिळत नाही म्हणून तो फुकट ठरत नाही.

कलम ५२ नुसार, कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रोग्रामची स्वतःच्या, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत काढता येते. वीस हजार गेम भरून विकलेले कार्ड त्यात बसत नाही. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी कलम ६३ब मध्ये किमान सात दिवसांची कैद आणि ५० हजारांचा दंड लिहिलेला आहे. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. सरळ मार्गही आहेत. २०१९ चा ‘मायक्रो मेजेस’ हा फॅमिकॉमच्या घराण्यासाठी नव्याने घडवलेला गेम विकत घेतला की त्याची फाइल मिळते, आणि तोही ४० किलोबाइटचाच आहे. ‘केव्ह स्टोरी’ २००४ साली मोफत प्रसिद्ध झाला आणि तो दोन्ही यंत्रांवर चालतो.

शेवटचा गैरसमज विक्रेत्यांना फार सोयीचा आहे: ‘माल दिल्लीहून आला, बिघडला तर भंडाऱ्यात बसून काय करणार?’ करण्यासारखे बरेच आहे. सक्तीच्या नोंदणीच्या यादीत इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ गेम २०१२ च्या आदेशापासूनच आहेत. म्हणून यंत्रावर भारतीय मानक ब्यूरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. ऑनलाइन विक्रीत विक्रेत्याचे तपशील आणि मालाचा मूळ देश दाखवणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. साकोलीच्या ग्राहकाला दिल्ली गाठावी लागत नाही. बिल जपून ठेवावे, पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढावा, आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि तिथे निभावले नाही तर भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज द्यावा.