न मागता आलेला हक्क

मोबाइलवर बँकेचा संदेश येतो. खात्यात काही हजार रुपये जमा. ते कुठले, कशाचे, हे कळायलाच दोन दिवस जातात. चौकशी केली तर शेजाऱ्यालाही आलेले, वरच्या आळीतही आलेले. मग कुणीतरी सांगतो, "विम्याचे आहेत. कोर्टाने द्यायला लावले." अर्ज कुणी केला, वकील कुणी दिला, तारखांना कोण गेले, हे पैसे घेणाऱ्याला ठाऊक नसते. तो वर बघून एवढेच म्हणतो, "नशीब!"

हे नशीब नसते. धाराशिव जिल्ह्याचे उदाहरण फार जुने नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन काढणीला आले आणि ऑक्टोबरच्या अतिवृष्टीने ते शेतातच सडले. शेतकऱ्यांनी प्रधानमंत्री पीक विमा योजनेचा हप्ता भरलेला होता. पण नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही, या कारणावरून बजाज अलायन्स या विमा कंपनीकडून बहुसंख्य शेतकऱ्यांना भरपाई मिळाली नाही. वास्तविक त्याच शेतांचे सरकारी पंचनामे झालेले होते. रस्ते पाण्याखाली, वीज गेलेली, मोबाइल बंद. अशा वेळी ७२ तासांत कळवायचे तरी कसे?

मोजके शेतकरी हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये निकाल लागला आणि तो त्या मोजक्यांपुरता राहिला नाही. जिल्ह्यातील साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई द्या, असा आदेश झाला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिथेही तिला २०० कोटी रुपये जमा करायला सांगण्यात आले. पुढे पैसे खात्यांवर येऊ लागले. ज्यांनी कोर्टाची पायरीही पाहिली नव्हती, त्यांच्याही.

एकाने लढायचे आणि सर्वांना मिळायचे, ही सोय कायद्यात जुनी आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत सारखे हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एक-दोघांना न्यायालयाच्या परवानगीने दावा चालवता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तशी तरतूद आहे. अमेरिकेत असे सामूहिक दावे नेहमीचे आहेत. फेसबुकने परवानगी न घेता लोकांच्या चेहऱ्यांची नोंद ठेवली, या इलिनॉय राज्यातील दाव्यात ६५ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि २०२२ मध्ये सुमारे १६ लाख लोकांना प्रत्येकी सुमारे ३९७ डॉलरचे धनादेश मिळाले. मात्र ज्यांनी वेळेत अर्ज भरला, त्यांनाच. घरी बसून मिळणाऱ्या पैशालाही कुठेतरी आपले नाव बरोबर लिहिलेले असावे लागते.

करमाडकरांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच. जालना रस्त्यावरचा हा पट्टा कापूस, मका, तुरीचा. शेंद्रा एमआयडीसी आणि डीएमआयसीमुळे जमिनीच्या मोबदल्याचा पैसाही या भागाने पाहिला. पैसा विम्याचा असो की मोबदल्याचा, सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक या तीन ठिकाणी नाव एकच असावे लागते. आपल्याकडे सातबाऱ्यावर 'सेख महंमद', आधारवर 'शेख मोहम्मद' आणि पासबुकात 'शे. मो.' अशी एकाच माणसाची तीन माणसे होतात. बाकीच्यांचीही गत वेगळी नाही. 'ज्ञानदेव'चा 'ग्यानदेव' होतो, आडनावाच्या जागी वडिलांचे नाव येते. वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी वारसाची नोंद झालेली नसते. पैसे मंजूर होतात आणि अडकून पडतात, किंवा ज्याचे नाव कागदावर आहे त्या एकट्याच्याच खात्यात जातात.

इथून रमजानचा विषय सुरू होतो. रमजान हा रोज्यांचा महिना आहे, तसा हिशेबाचाही. गरजा आणि कर्ज वजा जाता ज्याच्याकडे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहते, त्याने तिचा अडीच टक्के भाग जकात म्हणून काढायचा असतो. पुष्कळ लोक त्यासाठी हाच महिना निवडतात. अचानक आलेल्या पैशाचाही हिशेब तिथेच होतो. विम्याच्या रकमेबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत, तेव्हा ते आपापल्या जाणकारांना विचारावे. पण जकातीचा एक नियम सर्वांनी लक्षात घेण्यासारखा आहे. जकात कुणाला द्यावी याचे जे आठ वर्ग कुरआनने सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. म्हणजे पीक गेलेला, सोसायटीचे कर्ज थकलेला शेतकरी हा दयेचा विषय नाही. इतरांच्या संपत्तीत त्याचा वाटा ठरलेला आहे.

या वाट्याला अरबीत 'हक्क' म्हणतात. मराठीने तो शब्द तसाच ठसठशीत ठेवून घेतला. दावा, अर्ज, वकील, रक्कम, वसूल, वारस हे शब्दही तिकडूनच येऊन मराठी घरात मुरले. त्याच हक्काला जोडून मराठीत आणखी एक शब्द आहे, 'हक्कसोड'. बहिणीने भावाच्या नावे सही करायची आणि माहेरची वाट मोकळी ठेवायची. शरियतने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिला, हिंदू वारसा कायद्याने २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच दिला. कागदावर दोघींनाही वाटा आहे. प्रत्यक्षात दोघींकडूनही साडीचोळीवर सही घेतली जाते. जमीन अजून वाटलेली नसेल आणि तिचा मोबदला एका भावाच्या खात्यात आला, तर तो एकट्याचा होत नाही.

बटईदाराचेही तसेच. शेत एकाचे, राबणारा दुसरा, करार तोंडी. नोंदवलेला करार असेल तर बटईदारालाही पीक विमा घेता येतो. करार नसला की विमा मालकाच्या नावावर राहतो. पाऊस मात्र दोघांच्याही घामावर पडलेला असतो. बियाण्याचा निम्मा खर्च ज्याने केला, भरपाईत त्याचा निम्मा वाटा आहे, हे सांगायला कोर्ट कशाला लागावे?

२०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा होता. २०२५ पासून शेतकऱ्याला पुन्हा हप्ता भरावा लागतो. म्हणजे उद्याच्या भांडणात पैसा आपलाच असणार, आणि तेव्हाही कुणीतरी मोजकेच लोक पुढे होतील. ते गावातले असतील तर त्यांच्या वकिलाच्या खर्चात वर्गणी देणे हे उपकार नव्हेत. ज्यांच्या धावपळीचे फळ आपल्या खात्यात येते, त्यांचेही आपल्याकडे देणे लागते.

या रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडायला बसाल, तेव्हा घरातली कागदांची पेटीही उघडा. ईद असो की पाडवा, हे काम प्रत्येक घराने वर्षातून एकदा करावे असे आहे. तीन कागदांवरचे नाव जुळते का ते पाहा, वारसाच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज द्या. आणि एका कोऱ्या कागदावर आपल्याकडून ज्यांना द्यायचे राहिले त्यांची नावे लिहा. बहीण, बटईदार, मजूर. आपला हक्क वसूल करण्याआधी हा दुसरा कागद भरला, तर पहिल्यासाठी भांडायला माणसाला जास्त बळ येते.